डिंक सिस्टरांच्या वहीतला रिकामा चौकोन

समारंभाच्या अध्यक्ष, या रुग्णालयाच्या विश्वस्त बाई. मला माईककडे येताना पाहून जरा सावरून बसलेले माननीय अधीक्षक साहेब. ज्यांनी माझ्या अंगातून एक वस्तू बाहेर काढली आणि म्हणून मी आज इथे उभी आहे ते मोठे डॉक्टर. परिचारिका विभागाच्या प्रमुख. मधोमध फुलांच्या ढिगामागे बसलेल्या आणि कधी एकदा हे संपतंय असा चेहरा केलेल्या आपल्या सत्कारमूर्ती. आणि समोर जमलेल्या भगिनींनो, बंधूंनो, ड्यूटी संपवून आलेल्यांनो आणि ड्यूटी सोडून आलेल्यांनो, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

मागे ऐकू येतंय का? "हो" म्हणालात, पण ऐकू न येताही माणसं "हो" म्हणतात, म्हणून शेवटच्या रांगेतल्या त्या चष्मेवाल्या काकांनी हात वर करावा. हां, आता पटलं.

मला सात मिनिटं दिली आहेत. सभागृहातलं घड्याळ मी आल्या आल्या माझ्या घड्याळाशी ताडून पाहिलं, ते दोन मिनिटं पुढे आहे. तेव्हा मी नऊ मिनिटं बोलले तर ती चूक घड्याळाची धरावी.

सूत्रसंचालिकेने माझी ओळख "रुग्णांच्या प्रतिनिधी" अशी करून दिली. गोड मुलगी आहे, पण ही ओळख निम्मीच आहे. उरलेली मीच सांगते. मी चौतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानात शिरायचं, तराजू तपासायचा, वजनं उलटी करून बुडाशी बघायचं, हे माझं काम. वजनाच्या बुडाला एक भोक असतं, त्यात शिशाची गोळी असते आणि तिच्यावर सरकारी शिक्का. गोळी काढून घेतली की वजन हलकं होतं आणि वरून बघणाऱ्याला काही कळत नाही. दुकानदार जितका गोड हसेल तितकं मी वजन जास्त वेळ उलटं धरायची. ऑफिसात मला काटाबाई म्हणत. समोर म्हणत नसत, पण मला ठाऊक होतं, मला सगळंच ठाऊक असायचं. घरी आमचे हे म्हणतात, "तुला कोणी फूल दिलं तरी तू आधी देठ मोजशील." खरं आहे. आज मला दिलेल्या गुच्छात अकरा आहेत, शेजारच्या पाहुण्यांच्यात बारा. असो.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं, की अशी बाई नऊ वर्षांपूर्वी स्तनाच्या कर्करोगाची रुग्ण म्हणून या रुग्णालयात आली तेव्हा इथल्या लोकांचं काय झालं असेल, याची तुम्हाला कल्पना यावी.

उजवा स्तन काढायचा ठरलं होतं. तेव्हाचे सर्जन, जे आता इथे नाहीत, मोठे हसतमुख गृहस्थ. ते म्हणाले, "बाई, काळजी कशाला? आता विज्ञान कुठल्या कुठे गेलंय. त्याच बैठकीत सिलिकॉनचा इम्प्लांट बसवू. झोपून उठाल तर होतात तशाच!" हसले ना ते, झालं! माझ्या मनात पाल चुकचुकली. मी विचारलं, "केवढा?" ते म्हणाले, "तीनशे वीस सीसी." मी म्हटलं, "मोजलाय कोणी?" ते म्हणाले, "कंपनीने मोजलाय." मी म्हटलं, "कंपनीला कोणी मोजलंय?" यावर ते पुन्हा हसले. मग इम्प्लांट दोन तऱ्हेचे असतात असं कळलं. एकाचं अंग गुळगुळीत, दुसऱ्याचं बारीक खरखरीत. खरखरीत असला की जागचा हलत नाही, असा त्यामागचा विचार. मी म्हटलं, मला गुळगुळीत द्या. कारण काही नव्हतं, शास्त्रही ठाऊक नव्हतं. एवढंच, की गुळगुळीत वस्तूवर घाण लपत नाही. त्यांनी लिहून घेतलं, मी सही केली, आणि सहीच्या आधी काय लिहिलंय ते तीनदा वाचलं.

आता ऑपरेशन झाल्यानंतरचं ऐका. भुलीतून जागं होताना लोकांना काय काय दिसतं म्हणतात. गेलेली आई दिसते, उजेड दिसतो. मला डिंकाची बाटली दिसली. खिडकीशी स्टुलावर एक सिस्टर बसल्या होत्या. मांडीवर रेक्झिनच्या कव्हराची लांबट वही. एका कागदावरून इवलासा स्टिकर त्यांनी नखाने सोडवला, मागून डिंकाचं बोट फिरवलं आणि वहीत चिकटवून वर मूठ दाबली. मग ती वही रुग्णालयाच्या कपाटात नाही, स्वतःच्या पर्समध्ये टाकली.

मी जड जिभेने विचारलं, "ते काय?"

सिस्टर म्हणाल्या, "झोपा."

बस्स. एक शब्द. चौतीस वर्षांच्या नोकरीत मला इतका संशयास्पद शब्द कोणी ऐकवला नव्हता.

मला आधी वाटलं भ्रम असेल. पण पुढच्या दोन दिवसांत मी वॉर्डात चौकशी केली. हातात सलाईन होतं, तोंड मोकळं होतं ना! कळलं की या सिस्टर प्रत्येक इम्प्लांटचा एक स्टिकर काढून घेतात, वर्षानुवर्षं, त्यांना सगळे डिंक सिस्टरच म्हणतात. स्टिकरवर काय असतं? वस्तूचा नंबर, जात, माप. एक केसपेपरवर लागतो, एक रुग्णाच्या कार्डावर. मग तिसरा यांच्या पर्समध्ये कशाला? माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कंपनीशी लागेबांधे! दुसरं काय असणार?

आठव्या दिवशी टाके निघायच्या आत मी तक्रार दिली. तीन पानी, मुद्देसूद, समास सोडून. "सदर परिचारिका रुग्णांची गोपनीय माहिती खासगी वहीत नोंदवते, सबब चौकशी व्हावी." प्रत विश्वस्तांना. अध्यक्ष महोदया मान हलवताहेत, म्हणजे ती त्यांना मिळाली होती.

चौकशी झाली. सिस्टरांना बोलावलं, उभं केलं, विचारलं. लागेबांधे काही निघाले नाहीत. पण एक लेखी ऑर्डर निघाली: शस्त्रक्रियागृहात कोणाही कर्मचाऱ्याने इम्प्लांटची खासगी नोंद ठेवू नये. ती नोटीस बोर्डावर लागलेली मी तपासणीला आले तेव्हा वाचली आणि मनात म्हटलं, चला, काटाबाई अजून बोथट झालेली नाही. आज हे सांगताना मला लाज वाटते. तेव्हा मला अभिमान वाटला होता.

मग आठ वर्षं गेली. मी निवृत्त झाले. कर्करोग परतला नाही. इम्प्लांटही बरा वागत होता, मी विसरूनही जायची. आणि गेल्या वर्षी एके दिवशी आरशात बघते तर उजवी बाजू मोठी. अहो, तराजूचं पारडं केसभर झुकलं तर मला दारातून दिसतं, हे तर माझंच अंग! पंधरा दिवसांत फरक बोटभर झाला. इथल्या ओपीडीत आले. एक तरुण डॉक्टर होते, नाव सांगत नाही, सभागृहात आहेत आणि आत्ता बुटांकडे बघताहेत. त्यांनी हात लावून पाहिलं. म्हणाले, "थोडं पाणी झालंय. काही जड उचललंत का?" मी म्हटलं, "आठ वर्षांनी पाणी कसं होतं?" त्यांनी संगणकात पाहिलं. म्हणाले, "तुमचा गुळगुळीत आहे. चिंता नाही. खरखरीत असता तर पाहिलं असतं."

"खरखरीत असता तर काय पाहिलं असतं?"

"ते तुम्हाला लागू नाही हो."

लागू नाही! मी घरी गेले ती हेच दोन शब्द चघळत. आणि चौथ्या दिवशी फोन आला.

"मी रुग्णालयातून बोलतेय. थिएटरची सिस्टर. तुम्ही माझ्याविरुद्ध तक्रार केली होती, ती."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"औषध नियंत्रकांचं पत्रक आलंय. खरखरीत इम्प्लांटची एक जात परत मागवलीय. काही बायकांना त्याच्याभोवती वेगळ्याच प्रकारचा कॅन्सर होतो. फार थोड्यांना होतो, पण होतो. तुमचा त्या जातीचा आहे."

"माझ्या कार्डावर गुळगुळीत आहे."

"कार्डावर विश्वास ठेवू नका," त्या म्हणाल्या, "लवकर या," आणि फोन ठेवला.

मी यांना म्हटलं, "आठ वर्षांनी सूड घेतेय बाई." हे म्हणाले, "अगं, सूड घ्यायला कोणी आठ वर्षं थांबतं का?" मी म्हटलं, "थांबतात. मी थांबले असते."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सिस्टरांना गाठलं. म्हटलं, वही दाखवा. त्यांनी एका शब्दाने विचारलं नाही, की ज्या वहीवर तुम्ही बंदी आणली ती आता कशाला हवी. वही पुढे सरकवली आणि आपला डबा उघडून जेवायला लागल्या. मी पर्समधून भिंग काढलं. हसू नका, निवृत्तीनंतरही असतं माझ्याकडे. माझं पान काढलं. स्टिकर नंतर बदललाय का, खाली दुसऱ्याचा कागद आहे का, कडा उचललेल्या आहेत का, आधीच्या आणि नंतरच्या नोंदींची शाई तीच आहे का, सगळं पाहिलं. डिंक जुना झाला की पिवळा पडतो आणि कागदाला सुरकुती आणतो. आठ वर्षांची सुरकुती एका रात्रीत आणता येत नाही. तारीख माझी. बाजू उजवी. स्टिकरवर जात: खरखरीत. आणि बाजूला बारीक अक्षरात "टा." आणि वेळ: एक वाजून दहा.

"टा. म्हणजे?"

"टाका. शेवटचा टाका पडला ती वेळ."

मग त्यांनी घास गिळून जे सांगितलं, ते या सभागृहातल्या प्रत्येकाने ऐकावं म्हणून तर मी आज बोलायला तयार झाले. थिएटरमध्ये खोका उघडला की लगेच स्टिकर केसपेपरवर आणि कार्डावर लावून टाकतात. हात मोकळे असतात, घाई असते, नंतर कोण लक्षात ठेवणार? माझा गुळगुळीत इम्प्लांट खोक्यातून काढला, स्टिकर लागले, आणि बसवायच्या आधी तो सर्जनच्या हातातून निसटला. टेबलाच्या कडेला घासून फरशीवर. तो बाद. त्या मापाचा दुसरा गुळगुळीत कपाटात नव्हता, खरखरीत होता. मी तर भुलीत, विचारणार कोणाला? तो बसवला. माप तेच, बाजू तीच, आणि कागदावर स्टिकर लागलेलेच होते. ते बदलायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही. चोरी नाही, कट नाही, लबाडीसुद्धा नाही. मला तर उलट लबाडी असती तर बरं वाटलं असतं. लबाडी मी पकडू शकते हो. ही चूक सज्जन माणसांनी घाईत केलेली होती, ती मी कशी पकडणार?

आणि सिस्टर मात्र बावीस वर्षं एकच शिस्त पाळत आल्या होत्या. खोका उघडल्यावर स्टिकर खिशात. शेवटचा टाका पडला, आत नक्की काय गेलं ते डोळ्यांनी पाहिलं, की मगच वहीत. मी विचारलं, "पण त्याच दिवशी सांगितलं का नाहीत?" त्या म्हणाल्या, "सर्जनना सांगितलं. म्हणाले, बघतो. मग मीच तुम्हाला सांगणार होते, तेवढ्यात तुमचं तीन पानी आलं. मग मला कोण विचारतंय? त्यानंतर तुमच्या केसपेपरला हात लावायलाही मला बंदी झाली."

मी भिंग पर्समध्ये ठेवून दिलं.

पुढचं थोडक्यात. वही घेऊन मी मोठ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी दोन मिनिटं पाहिलं, फाटे फोडले नाहीत, त्याच दिवशी सोनोग्राफी केली आणि सुईने पाणी काढून तपासायला पाठवलं. निकाल आला: लिम्फोमा. म्हणजे स्तनाचा नेहमीचा कर्करोग नव्हे. इम्प्लांटभोवती आपलं शरीर जी पातळ पिशवी विणतं, तिच्यातला. माझा तेवढ्यापुरताच होता, बाहेर पसरलेला नव्हता. इम्प्लांट आणि पिशवी अख्खी काढली. "लागू नाही" म्हणून आणखी वर्षभर घरी बसले असते तर आज इथे दुसऱ्या कोणाला तरी बोलवावं लागलं असतं. बाहेर काढलेल्या इम्प्लांटच्या पाठीवर नंबर कोरलेला असतो. मोठ्या डॉक्टरांनी तो मोठ्याने वाचला आणि सिस्टरांनी वहीशी ताडला. शेवटच्या आकड्यापर्यंत जुळला. हे मला नंतर सांगितलं. मी म्हटलं, दाखवा. दाखवला. जुळला होता.

आता कोणी असा समज करून घेऊ नका, की ही बाई बायकांना घाबरवायला उभी राहिली. माझ्या धाकट्या जावेला बारा वर्षं झाली इम्प्लांट बसवून. मजेत आहे, बॅडमिंटन खेळते आणि मला हरवते. मोठे डॉक्टर आता माझ्यानंतर नव्या गोष्टी सांगतील. स्नायूच्या खाली न बसवता वर बसवतात, जाळीचा आधार देतात, पोटावरची स्वतःची त्वचा आणि चरबी वापरूनही घडवतात. ऐका, जरूर ऐका. ज्या बाईला आरशात पूर्वीसारखं दिसायचं असेल तिला तो हक्क आहे, आणि मी आता सपाट राहायचं ठरवलं, तो माझा हक्क. ज्यांना काही त्रास नाही त्यांनी घाईने काढून घ्यायचीही गरज नसते, हे डॉक्टरांनीच मला बजावलंय. माझं म्हणणं एवढंच, की तुमच्या आत काय आहे ते तुम्हाला नक्की ठाऊक असू द्या. आणि मोठ्या शोधाची बातमी आली की आधी त्याच्या बुडाशी बघा.

बरी झाल्यावर मी अधीक्षक साहेबांकडे परवानगी मागितली. त्यांनी दिली, न देऊन सांगतात कोणाला! बंदी असूनही सिस्टरांनी चालू ठेवलेली ती वही आणि रुग्णालयाचं रजिस्टर घेऊन मी आणि सिस्टर तीन आठवडे लिननच्या खोलीत बसलो. मी वाचायचं, त्यांनी ताडायचं, मग त्यांनी वाचायचं, मी ताडायचं, कारण माझा माझ्यावरही भरवसा नाही. चारशे बारा नोंदी. नऊ ठिकाणी फरक निघाला, त्यातली एक मी. बाकी आठही जणींना गाठलं, डॉक्टरांनी तपासलं, कोणालाही माझ्यासारखं निघालं नाही. टाळ्या वाजवायच्या असतील तर सिस्टरांसाठी वाजवा, मी थांबते.

टाळ्या पुरे. कारण अजून एक पान राहिलंय.

हे सांगायला सिस्टरांची परवानगी आहे का? काल विचारलं. त्या म्हणाल्या, "तुमच्या तोंडाला कोण हात लावणार? बोला काय ते." मी ही परवानगी समजते.

आठ वर्षांपूर्वी, माझ्या तक्रारीनंतर वर्षभराने, सिस्टरांनाही हाच आजार झाला. इथल्या जुन्या मंडळींना ठाऊक आहे. याच थिएटरमध्ये, याच टेबलावर त्यांचं ऑपरेशन झालं, डावीकडे इम्प्लांट बसला. वहीत ते पान आहे. आदल्या दिवशी स्वतःच्या हाताने त्यांनी तारीख घातली, नाव लिहिलं, बाजू लिहिली, स्टिकरसाठी चौकोन आखला. आणि चौकोन रिकामा आहे. "टा."च्या पुढे वेळ नाही.

सिस्टर रजेवर असल्या की त्यांच्या हाताखालची मुलगी वही सांभाळायची, त्यांनीच शिकवली होती. ती आता तिसऱ्या रांगेत बसली आहे आणि सोमवारपासून सिस्टरांच्या जागी येणार आहे. लिननच्या खोलीत एक दिवस ती आली आणि रडायला लागली. म्हणाली, "मॅडम, त्या दिवशी स्टिकर माझ्या हातात होता. टाका पडला तेव्हा मी तिथेच होते. पण बोर्डावर ऑर्डर होती, माझी नोकरी कच्ची होती. मी तो कचऱ्याच्या बादलीत टाकला. त्याच्यावर काय होतं तेही वाचलं नाही." ती रडली, सिस्टरांनी तिला पाणी दिलं, आणि मी भिंतीकडे बघत बसले. मुली, तुझा दोष नाही गं. ती ऑर्डर कोणाच्या तीन पानांमुळे निघाली होती?

म्हणजे वर्षानुवर्षं सगळ्यांच्या टाक्यापर्यंत उभी राहिलेली बाई जेव्हा स्वतः टेबलावर होती, तेव्हा तिच्यासाठी थांबणारं कोणी उरलं नाही. ती व्यवस्था मी केली होती.

आता नीट ऐका, कारण आता मी पुन्हा संशय घेणार आहे. या तीन आठवड्यांत मी नुसती वही पाहत नव्हते. पहिल्या आठवड्यात सिस्टरांची पर्स डाव्या खांद्यावर असायची. दुसऱ्यात उजव्या खांद्यावर गेली. तिसऱ्यात त्या वरच्या फळीवरचं रजिस्टर उजव्याच हाताने काढायला लागल्या. मी विचारलं, "डावीकडे काय झालंय?"

"काही नाही, नवीन कपडा काचतोय."

"तपासून घेतलंत?"

"कशाला? माझ्या केसपेपरवर गुळगुळीत आहे."

अहो, केसपेपरवर! हे कोण म्हणतंय? मला फोन करून "कार्डावर विश्वास ठेवू नका" म्हणणारी बाई! मी म्हटलं, "सिस्टर, तुम्ही घाबरलायत." त्या म्हणाल्या, "निवृत्ती होऊ दे, मग बघू." मला या "मग बघू"ची चांगली ओळख आहे. सिस्टर, एका सर्जनने तुम्हाला असंच "बघतो" म्हटलं होतं.

अधीक्षक साहेब, तुम्ही मला परवा म्हणालात, की आता सगळं संगणकात आहे, वहीची गरज नाही. मी काल सकाळी जाऊन संगणकात माझं नाव घालून पाहिलं. नऊ महिन्यांपूर्वी काढून टाकलेला इम्प्लांट अजून माझ्या अंगात आहे, आणि तोही गुळगुळीत. साहेब, टिपून घेताय ना? पेनाचं टोपण निघालेलं नाही, म्हणून विचारलं. ती जुनी ऑर्डर रद्द करा, आणि टाका पडल्यावरच नोंद करायची असा नियम लेखी काढा. आज, कागदावर, सहीसकट. माझी तक्रारही मला परत घ्यायची होती, पण तुमचं कार्यालय म्हणतं, निकाली निघालेली तक्रार मागे घेता येत नाही. तेव्हा फाइलमध्ये ती राहू दे. इथे दोनशे माणसांसमोर मी ती मागे घेते. सिस्टर, मी चुकले. वजन पुरेपूर होतं, मीच उलटं धरून बसले होते.

सत्कारात तुम्हाला भिंतीवरचं घड्याळ मिळालं, मानपत्र मिळालं, छान झालं. माझ्याकडून हे पाकीट. आत काय आहे ते मोठ्याने सांगते, नाहीतर लोक संशय घेतील. सोमवारी सकाळी दहाची सोनोग्राफीची चिठ्ठी आहे. मोठ्या डॉक्टरांची सही आहे, खाली रुग्ण म्हणून तुमचं नाव आहे. मी साडेनऊलाच दाराशी येऊन बसेन. तुम्ही येते म्हणालात तरी माझा विश्वास नाही.

येणार ना? मान हलवलीत? फुलांमुळे नीट दिसलं नाही. मोठे डॉक्टर, तुम्ही शेजारी आहात, हलवली का? हलवली. ठीक. लेखी नाही, पण साक्षीदार भरपूर आहेत.

सिस्टर, काहीही निघणार नाही. माझा संशय आयुष्यात पुष्कळदा खोटा ठरलाय, तुम्हीच त्याचा सगळ्यात मोठा पुरावा आहात. हाही खोटा ठरला तर इतका आनंद मला दुसऱ्या कशानेच होणार नाही. आणि खरा ठरलाच, तर आपण लवकर आलोय, मी आले होते तशा. टेबलावर तुम्ही असाल तेव्हा आत तुमची ती मुलगी वही घेऊन उभी राहील, आणि बाहेर मी. पाठीवरचा नंबर वाचून तो चौकोन भरल्याशिवाय आम्ही दोघी हलणार नाही.

अध्यक्षांनी मला बोलू दिलं, डॉक्टरांनी मला वाचवलं, तुम्ही सर्वांनी घड्याळाकडे न बघता ऐकलंत, दोघा-तिघांनी बघितलं ते मी पाहिलं, पण तुमचेही आभार. बोलण्याच्या भरात कोणाचा मान राखायचा राहिला असेल, कोणाला टोचलं असेल, तर ते माझ्या सवयीचं समजून पोटात घाला.

त्या तीन पानांची माफी मात्र, सिस्टर, आज देऊ नका. आज फुलं आहेत, लोक आहेत, घाईत देऊन टाकाल. सोमवारी द्या, तपासणीचा कागद आपल्या दोघींच्या हातात आल्यावर. टाका पडायच्या आधी स्टिकर लावायचा नाही, हे मला तुम्हीच शिकवलंत.